दोष कोणाच्या हद्दीत?

अकरावीचे प्रवेश २०२५ पासून साऱ्या राज्यात संगणकीय पद्धतीने होऊ लागले. शिष्यवृत्तीचे अर्ज तर त्याआधीपासूनच महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावे लागतात. शाळेची माहिती, शिक्षकांची वेतनदेयके, कार्यालयांचे पत्रव्यवहार ही सारी कामे आता तारेवरून चालतात. पालम, सोनपेठ किंवा जिंतूर येथील कुटुंबाच्या दृष्टीने घरातला राउटर ही आता चैनीची वस्तू उरलेली नाही. अर्जाची मुदत संपत असताना ती पेटी मुकी झाली, तर नुकसान करमणुकीचे होत नाही, वर्षाचे होते.

अशा वेळी घरोघरी घडते ते ठरलेले असते. ग्राहक तक्रार नोंदवतो. पलीकडून पेटी बंद करून पुन्हा चालू करण्यास सांगितले जाते. ती चालू होत नाही. मग कंपनी म्हणते, दोष घरातील पेटीत आहे; पेटी विकणारा म्हणतो, दोष कंपनीच्या तारेत आहे. दोघांच्या मध्ये ग्राहक उभा, आणि त्याच्या हाती कोणताच पुरावा नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच दाखविले होते की, विकणाऱ्याला वस्तूचे गुणदोष ठाऊक आणि घेणाऱ्याला ठाऊक नाहीत, अशा बाजारात चोख मालाची किंमत होत नाही. सेवेच्या बाजारालाही हा न्याय लागू पडतो. ज्याला दोष कळतो तोच दोषाचा धनी असेल, तर तो स्वतःकडे बोट दाखवील ही अपेक्षा भाबडी ठरते.

वस्तुतः दोष कोणाच्या हद्दीत आहे, हे ओळखण्यास फारशी विद्या लागत नाही. ती साक्ष पेटीवरील दिवेच देत असतात. पहिला दिवा विजेचा. तो पेटत नसेल तर प्रश्न अडॅप्टरचा किंवा भारनियमनाचा आहे. ‘लॉस’ या नावाचा दिवा लाल झाला असेल, तर काचतंतूतून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नाही. घरातील बारीक दोरी सुटलेली किंवा दुमडलेली नसेल, तर तंतू बाहेर कोठेतरी, रस्त्याच्या खोदकामात वा खांबावर, तुटला आहे असे बहुधा समजावे. ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा, पण इंटरनेटचा दिवा विझलेला, असे असेल तर तार शाबूत आहे, वर्गणी संपली आहे, नाव व परवलीचा शब्द जुळत नाही किंवा कंपनीच्या पुढील यंत्रणेत बिघाड आहे. सारे दिवे ठीक असून भ्रमणध्वनीच अडत असेल, तर तो पेटीच्या शेजारी नेऊन पाहावा. तेथे चालला तर दोष लहरींच्या पल्ल्याचा आहे. मराठवाड्यातील जुन्या माळवदी घरांच्या जाड भिंतींतून पाच गिगाहर्ट्झच्या लहरी फारशा पार होत नाहीत; २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी त्या मानाने दूर जातात.

एक चूक मात्र कटाक्षाने टाळावी. पेटी बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणे निराळे आणि पाठीमागच्या छिद्रात टाचणी खुपसणे निराळे. दुसऱ्या कृतीने कंपनीने भरलेली सारी मांडणी पुसली जाऊ शकते, आणि परक्याचा दोष आपल्या पदरी येतो.

कंपन्यांचीही बाजू आहे. एका तंत्रज्ञाच्या वाट्याला अनेक गावे येतात, आणि किरकोळ कारणासाठी त्याला वीस कोस धावायला लावणे योग्य नव्हे. पण म्हणूनच निदान उघड असावयास हवे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००६ च्या नियमांत ९० टक्क्यांहून अधिक बिघाड दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत दूर व्हावेत, असा निकष घातला होता; २०२४ मध्ये नवे नियम आले. तथापि असे निकष मोजले जातात ते सेवाक्षेत्राच्या सरासरीने, आणि महाराष्ट्राच्या सेवाक्षेत्रात तर गोवाही मोडतो. सरासरीचा गुण हाच की पुण्याच्या तत्परतेखाली पालमचा विलंब झाकला जातो. उरलेल्या दहा टक्क्यांत कोणते जिल्हे येतात, हे त्या आकड्यातून कधीच कळत नाही.

यावर उपाय अवघड नाही. तक्रार निकाली काढताना दोष कोठे आढळला हे कंपनीने ग्राहकास लेखी कळवावे, आणि बिघाडांचे आकडे जिल्हावार प्रसिद्ध व्हावेत. ग्राहकानेही तक्रार क्रमांक, वेळ आणि दिव्यांचे छायाचित्र जपून ठेवावे. २०१२ च्या नियमांनी कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाण्याची सोय केली आहे. त्यापलीकडचे दार २००९ च्या एका निवाड्याने बंद झाल्यासारखे होते. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक मंचाकडे नेता येतात असा निर्णय दिला, तेव्हा ते पुन्हा उघडले. परभणीच्या ग्राहकालाही जिल्हा आयोगाकडे जाता येते. मात्र तेथे हातात कागद लागतो, नुसता संताप चालत नाही.

विजेचे देयक वाचावयास शाळेत शिकविले जाते. मग या चार दिव्यांची ओळख का करून देऊ नये? ज्या यंत्रावर मुलांचे प्रवेश आणि शिष्यवृत्त्या सोपविल्या, त्या यंत्राची भाषा केवळ विक्रेत्यालाच कळावी, ही स्थिती कोणत्याही सुजाण समाजाला शोभणारी नाही. शासनाने कामकाज तारेवर नेले, ते योग्यच केले. पण तार तुटल्याच्या दिवशी मुदत वाढवून देण्याची तरतूद केली नाही, तर तुटलेल्या तारेचा दंड ज्याने ती तोडली नाही तोच भरत राहील.