राज्य एक झाले, छप्पर मात्र गळतेच आहे



मराठी भाषेचे एक राज्य व्हावे म्हणून माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून सुटला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचा महाराष्ट्र कधी झाला? मुंबई-पुण्याच्या भाडेकरूला १९४७ चा मुंबईचा कायदा, नागपूर-अमरावतीच्या भाडेकरूला मध्यप्रांत-वऱ्हाडचा, आणि आम्हा मराठवाडेकरांना हैदराबादचा १९५४ चा. झेंडा एक, सरकार एक, अन् छपराचे कायदे तीन! राज्य झाल्यावर चाळीस वर्षे हे असेच चालले. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० रोजी लागू झाला, तेव्हा कुठे तिन्ही जुने कायदे मोडीत निघाले.

चला, निघाले. आता वाळूजला जाऊन पाहा. रांजणगाव, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी. नाहीतर इकडे चिकलठाण्याच्या कारखान्यांमागे मुकुंदवाडीत या. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, रांगेतल्या सगळ्यांना मिळून एक-दोन संडास. बीड, जालना, परभणीहून पोटासाठी आलेला कामगार तिथे राहतो. पावसाळ्यात लेकरांच्या अंथरुणावर गळतं. मालकाला सांगितलं तर तो म्हणतो, "पटत नसंल तर खोली खाली कर." पावती मागितली तर हसतो.

मालकांतले पुष्कळ जण कालपर्यंत शेतकरीच होते. औद्योगिक वसाहतीत जमीन गेली, उरल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या. त्यांच्याशी आमचे वैर नाही. पण भाडे घेताना मालक, अन् पत्रा बदलताना शेतकरी, हे आम्हाला मंजूर नाही.

कायदा काय म्हणतो ते नीट ऐका, कारण मालक ते सांगणार नाही. कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगे ठेवणे मालकाचे काम आहे. भाडेकरूने लेखी नोटीस द्यावी. पंधरा दिवसांत मालक हलला नाही तर दुरुस्ती आपण करावी आणि तो खर्च भाड्यातून कापावा. मर्यादा एवढीच, की वर्षाला वर्षभराच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापता येत नाही. समजा भाडे महिना ३,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ३६,०००. त्यातले ९,००० पर्यंत. एका खोलीचा पत्रा तेवढ्यात बसतो की नाही, सांगा! आणि ही नोटीस सगळ्या रांगेने मिळून दिली तरी चालते. एकट्याला मालक दटावतो, बारा सह्यांना कसा दटावील?

पाणी-वीज तोडून कुटुंबाला हुसकावणे हा गुन्हा आहे. कलम २९, तीन महिन्यांपर्यंत कैद. जायकवाडी एवढे जवळ असून ज्या शहराने आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी आलेले पाहिले आहे, तिथे मोटारीचे बटण बंद करणे म्हणजे काय, हे आयाबहिणींना विचारा.

"माझ्याकडे कागदच नाही," असे म्हणून पुष्कळ जण गप्प बसतात. कामून गप्प बसता? कलम ५५ सांगते, करार लेखी करून त्याची नोंदणी करणे ही मालकाची जबाबदारी. त्याने ती टाळली तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, खोटे असल्यास ते मालकाने सिद्ध करावे. कागद नसण्याची भीती तुम्हाला नव्हे, त्याला पाहिजे.

आणि म्हणूनच आता शहाणे मालक अकरा महिन्यांचा इंग्रजी कागद पुढे करतात. 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणे. सही केली की तुम्ही भाडेकरू राहत नाही, परवानाधारक होता. दुरुस्तीचा खर्च कापण्याचा जो हक्क वर सांगितला, तो कायद्याने भाडेकरूला दिला आहे. एका शब्दाच्या फेरफाराने तो हातचा जातो. मुदत संपली की मालकाला घर खाली करून घ्यायला सक्षम प्राधिकाऱ्याची झटपट वाट, शिवाय राहिलात तर दुप्पट भाडे. अन् भाडेकरूला? दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या, तारखेमागून तारीख, प्रत्येक तारखेला एक खाडा.

राजभाषा मराठी आहे असे सांगणाऱ्या सरकारला आमचा सवाल आहे. हा कागद मराठीत का नाही? माणसाला ज्या भाषेत घराबाहेर काढता, त्याच भाषेत त्याला करार का वाचून दाखवत नाही? नोंदणी कचेरीत मराठी प्रत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा वा सही घेऊ नये, ही पहिली मागणी. परवानाधारकालाही दुरुस्तीचा हक्क द्या, ही दुसरी. आणि अनामत दोन महिन्यांच्या भाड्यावर नको. केंद्राच्या २०२१ च्या नमुना कायद्यात राहत्या घरासाठी तेवढीच मर्यादा लिहिली आहे, पण राज्याने तसा कायदा केल्याशिवाय नमुन्याने कोणाचे पोट भरत नाही.

नोटिशीचा मराठी मसुदा सभेच्या जागी मेजावर ठेवला आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याने खोलीचा पत्ता, भाडे आणि कुठे गळते तेवढे सांगावे, लिहून देऊ. भाडे आजपासून हाती न देता मनीऑर्डरने वा बँकेतून पाठवा, म्हणजे पावती आपोआप राहील. येताना रांगेतल्या शेजाऱ्यालाही घेऊन या.