डोमेनचे दप्तर मालकाच्याच ताब्यात हवे

मुंबईच्या अंधेरीत सीप्झच्या कुंपणापासून मरोळ नाक्यापर्यंत दाटीने वसलेल्या औद्योगिक गाळ्यांतून, जेथे यंत्रांचे सुटे भाग घडतात, दागिने तयार होतात आणि छपाई व वेष्टनाची कामे चालतात, आज जो व्यवहार होतो त्याची बहुतेक भिस्त ईमेलवर आहे. आणि तरीही ज्या नोंदींच्या आधारे ती पत्रे पोचतात अथवा नाकारली जातात, त्या नोंदी कोणाच्या नावे आहेत, त्यांत शेवटचा फेरफार कोणी व केव्हा केला, हे गाळ्याच्या मालकास बहुधा ठाऊक नसते. करारनामा आणि मालमत्तेचा उतारा तो तिजोरीत जपून ठेवतो. या नोंदींचे, म्हणजे डोमेनचे, दप्तर त्याच दक्षतेस पात्र आहे, असे माझे ठाम मत आहे.

ईमेलची मूळ पद्धती १९८२ साली ठरली तेव्हा जगातील संगणकांची संख्या अल्प होती आणि परस्परविश्वास गृहीत धरलेला होता. प्रेषकाने स्वतःचे जे नाव लिहावे ते खरे मानले जाई. पुढच्याच वर्षी पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे नावांवरून संगणकांचे ठिकाण सांगणाऱ्या सार्वजनिक नोंदवहीची, रचना मांडली. तोतयेगिरी वाढली तेव्हा प्रेषकाची पारख याच नोंदवहीवर सोपवण्यात आली. कोणत्या सर्व्हरांनी आमच्या नावे पत्रे पाठवावीत हे एसपीएफची नोंद सांगते. पत्रावरील डिजिटल स्वाक्षरी पडताळण्याची किल्ली डीकेआयएमच्या नोंदीत असते. आणि पारखेत न उतरलेल्या पत्राचे काय करावे, याची सूचना डीमार्क देते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी या व्यवस्थेस सक्तीचे रूप दिले. जीमेलकडे पत्र धाडणाऱ्या प्रत्येकास एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी हवेच, आणि दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे धाडणाऱ्यास तिन्ही. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून मोठ्या प्रेषकांसाठी तोच मार्ग धरला. तेव्हा वर्षानुवर्षे विनातक्रार पोचणारी पत्रे एकाएकी स्पॅममध्ये पडू लागली, तर त्याचे कारण पुष्कळदा आपल्याच अपुऱ्या नोंदींत सापडेल.

पत्र पोचले नाही की ‘सर्व्हर डाऊन असेल’ असे म्हणून विषय संपवण्याची सवय सर्वत्र जडली आहे, आणि परत आलेल्या पत्रासोबतचा इंग्रजी मजकूर न वाचताच पुसून टाकला जातो. वस्तुतः निदानाची पहिली साक्ष तीच असते. त्यातील ५.१.१ हा अंक सांगतो की तो पत्ताच अस्तित्वात नाही, ५.७ ने आरंभ होणारा अंक सांगतो की सुरक्षेच्या वा धोरणाच्या कारणास्तव पत्र नाकारले गेले. बाहेरून येणारी पत्रेच थांबली असतील, तर प्रथम डोमेनची मुदत संपलेली नाही ना हे पाहावे आणि नंतर टपाल कोणत्या सर्व्हरकडे यावे हे सांगणारी एमएक्स नोंद तपासावी. कारण संकेतस्थळ नव्या सेवेकडे नेताना या नोंदी सांभाळणारे नेमसर्व्हर बदलतात, जुन्या नोंदी नव्या ठिकाणी उतरवून घेण्याचे राहून जाते, आणि संकेतस्थळ उत्तम दिसत असताना टपाल मात्र निराधार होते. जाणारी पत्रे अडत असतील, तर एसपीएफकडे वळावे. कचेरीची पत्रे एका सेवेतून, देयके हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून आणि जाहिरातीची पत्रके तिसऱ्याच सेवेतून जात असतील, तर त्या तिन्हींचा निर्देश एकाच नोंदीत हवा. प्रत्येक सेवेच्या सूचनेनुसार स्वतंत्र एसपीएफ नोंद घातली की नियमानुसार सर्वच अवैध ठरतात; हा दोष वारंवार घडणारा आहे, आणि सद्हेतूने घडणारा आहे. त्या नोंदीतून होणाऱ्या डीएनएस पृच्छा दहापेक्षा अधिक झाल्या तरीही पारख निष्फळ होते. कंपनीच्या पत्त्यावरील टपाल मालकाच्या खासगी जीमेलकडे वळवण्याची आपल्याकडे फार रीत आहे. अशा वळणावर एसपीएफ सहसा टिकत नाही, मजकूर अबाधित राहिल्यास स्वाक्षरी मात्र टिकते. म्हणून डीकेआयएम हे केवळ ऐच्छिक भूषण मानू नये. डीमार्कही आरंभी केवळ निरीक्षणापुरते ठेवावे, येणारे अहवाल काही आठवडे वाचावेत, आणि मगच कठोर धोरण जाहीर करावे. केलेला बदल सर्वत्र दिसण्यास काही तास, क्वचित अधिक, लागतात; तेवढा धीर न धरता एकामागून एक फेरफार केल्यास मूळ दोष कोणता होता हेच कळेनासे होते.

परंतु हे सारे करता येईल ते त्याचा अधिकार मालकाच्या हाती असेल तरच. संकेतस्थळ बनवणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावे नोंदवले, पासवर्ड त्याच्याकडेच राहिला, पुढे त्याने व्यवसाय बदलला, आणि स्वतःच्या नावाच्या पाटीवर मालकाचाच हक्क उरला नाही, ही स्थिती लहान उद्योगांत विरळ नाही. आणि टपाल हुकणे ही केवळ गैरसोय नव्हे, त्यास कायद्याची बाजूही आहे: वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १६९ नुसार नोंदणीवेळी दिलेल्या ईमेलवर पाठवलेली नोटीस ही वैध बजावणी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ नुसार, विरुद्ध करार नसेल तर, मुक्रर केलेल्या संगणक यंत्रणेत दस्तऐवज शिरला की तो पोचला असे धरले जाते. स्पॅमच्या कप्प्यात पडलेले पत्रही तेथे शिरलेलेच असते. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली येण्यास फर्मावले, यावरून नावाच्या खरेपणास केवढे मोल आले आहे हे ध्यानात यावे.

भारताच्या ‘डॉट इन’ नावांची व्यवस्था प्रारंभी जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने, म्हणजे मरोळपासून काही मैलांवरच्या संस्थेने, सांभाळली. देशातील आरंभीचे ईमेल ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथून पवईच्या आयआयटीशी झाले. ज्या उपनगरात ही विद्या इतक्या लवकर आली, तेथील कारखानदारास तिची प्राथमिक ओळखही मराठीत मिळू नये, याचा मला मनापासून खेद वाटतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे मुख्यालय अंधेरीतच, महाकाली गुंफा मार्गावर आहे. त्याने आणि वसाहतीतील उद्योजक संघटनांनी मिळून या नोंदींची मराठी मार्गदर्शिका काढावी व वर्षातून एकदा तपासणीची शिबिरे भरवावीत. तोवर प्रत्येक मालकाने एवढे तरी करावे: डोमेन कोणाच्या नावे आहे, त्याची मुदत केव्हा संपते आणि पासवर्ड कोणाजवळ आहे, याची लेखी नोंद या आठवड्यातच आपल्या दप्तरी घ्यावी.