शाली पुरे झाल्या, आता गिऱ्हाईक आणा

परवा एका मित्राकडे गेलो होतो, कल्याण पूर्वेला. पन्नाशीचा आहे, शाळेत चित्रकला शिकवतो. पलंगाखाली, माळ्यावर, कपाटामागे मिळून साठ-सत्तर कॅनव्हास. यंदाच्या पावसात त्यातल्या आठ-दहांना बुरशी लागली. बाहेरच्या खोलीत शोकेस, त्यात सन्मानचिन्हांची गर्दी. मी म्हटलं, "अरे, किती सत्कार झाले रे तुझे!" तो म्हणाला, "हो ना. शाली चित्रं गुंडाळायला बऱ्या पडतात."

दोघंही हसलो. पण रिक्षात बसल्यावर मला ते लागलं. कारण त्यातल्या तीन सत्कारांच्या बातम्या माझ्या आहेत. घरी येऊन कात्रणं काढली. 'कल्याणचा सुपुत्र' आहे, 'मानाचा तुरा' आहे, 'कुंचल्याचा जादूगार' आहे. प्रमुख पाहुण्यांची नावं तर क्रमवार आहेत. पण चित्राची किंमत एकाही बातमीत नाही. चित्र कुठे बघायला मिळेल, घ्यायचं असेल तर कोणाला विचारायचं, काहीच नाही. वीस वर्षं पत्रकारिता करून मी एका चित्रकाराची बातमी दिली आणि त्यात चित्रकार सोडून सगळ्यांची सोय झाली.

म्हणून हे लिहितोय. पहिला राग स्वतःवर, मग बाकीच्यांवर.

आपल्याकडे एक गैरसमज पक्का आहे. भिंत मिळाली म्हणजे गॅलरी मिळाली. ठाण्यात कापूरबावडीला महापालिकेचं कलाभवन आहे, चांगलं आहे. मुंबईत १९५२ पासून जहांगीर आहे. अर्ज करा, निवड होऊ द्या, मग काही वर्षं नंबर लागायची वाट बघा. पण यात भिंत आठवडाभर भाड्याने मिळते. तिथे गिऱ्हाईक आणायचं काम चित्रकाराचंच. माझ्या या मित्राला एकदा मुंबईत एक हॉल मिळाला होता. फ्रेमसाठी पतपेढीचं कर्ज, चित्रं न्यायला टेम्पो, उरलेली दोन लोकलच्या लगेज डब्यातून, वर हॉलचं भाडं. आठवड्यात दोन चित्रं गेली. त्यातलं एक मेव्हण्याने घेतलं. कर्ज तीन वर्षं फिटत होतं.

खरी गॅलरी चित्रकाराला आपला मानते. किंमत ठरवते आणि ती पाडू देत नाही. संग्राहकांना बोलावते, कॅटलॉग काढते, यंदा नाही विकलं तर पुढच्या वर्षी पुन्हा दाखवते. त्याबद्दल कमिशन घेते, बऱ्याचदा विक्रीच्या निम्मं. हे सांगितलं की आपली माणसं लगेच म्हणतात, "निम्मं? लूट आहे ही!" अहो, पलंगाखालच्या चित्राचे शंभर टक्के म्हणजे किती? शून्यच ना? कागद नीट करून घ्या, हिशोब मागा, पैसे किती दिवसांत मिळणार ते लिहून घ्या. पण मध्यस्थच नको म्हणणं हा शहाणपणा नाही.

दूरचं उदाहरण नको. पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये, त्याआधी डहाणू आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. तिथल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. लग्नाचा चौक लिहिणं हे वारली समाजात सवाशिणींचं काम, हा माणूस रोज चित्रं काढायचा. सत्तरच्या दशकात सरकारी हस्तकला विभागाच्या कामावर पाड्यांत हिंडणारे चित्रकार भास्कर कुलकर्णी त्यांच्यापर्यंत पोचले. त्यांनी सत्कार ठेवला नाही. कागद दिला, रंग दिला आणि चित्रं मुंबईला नेली. १९७५ मध्ये केकू गांधींच्या केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन झालं. हे केकू गांधीही मुळात फ्रेमच्या धंद्यातले. पुढे ती चित्रं परदेशात पोचली. म्हशांना पद्मश्री मिळाली २०११ मध्ये. म्हणजे आधी गॅलरी आणि छत्तीस वर्षांनी पद्मश्री. आपण उलटं करतो. आधी पुरस्कार देतो आणि नंतर काहीच करत नाही.

पत्रकारांनाही सांगतो. के. एच. आरा घरगडी होते, मोटारी धुवायचे. त्यांची चित्रं ओळखून लोकांसमोर आणणाऱ्यांत टाइम्स ऑफ इंडियाचे कलासमीक्षक रूडी फॉन लायडन होते. आपण फक्त पाहुण्यांची नावं छापतो.

आणि नेतेमंडळी. महोत्सव आला की चित्रकाराला फोन, "सर, लाइव्ह डेमो द्या, तेवढीच तुमची प्रसिद्धी." मंडपवाल्याला पैसे, साउंडवाल्याला पैसे, निवेदकाला पाकीट, चित्रकाराला गुलाबाचं फूल. शेवटी काढलेलं चित्र साहेबांना भेट! शहर सुशोभीकरणात भिंतीवर वारली रंगवायची, पण कोपऱ्यात चित्रकाराचं नाव नाही. हे चुकून होत नाही, ती सवय झाली आहे.

काही जण म्हणतील, खरा कलावंत बाजाराच्या मागे जात नाही. ठीक. पण कॅनव्हास, रंग आणि फ्रेमवाला बाजारातच बसतात आणि ते रोख मागतात.

आता काय करायचं? माझ्यापुरतं ठरवलंय. मित्राची चांगली पंचवीस चित्रं निवडली, उजेडात फोटो काढले, प्रत्येकाचं माप, माध्यम, वर्ष, किंमत लिहिली. साधी यादी, पण वीस वर्षांत कोणी केली नव्हती. पुढच्या महिन्यात तो आणि मी मुंबईत गॅलऱ्यांच्या पायऱ्या चढणार. आधी त्या गॅलरीत कुठली चित्रं लागतात ते बघायचं, मगच यादी द्यायची. नकार मिळतील, मिळू देत. आणि यापुढे माझ्या बातमीत किंमत आणि संपर्क असेल, नाहीतर बातमी नाही.

तुमच्यासाठी एकच. डोंबिवली-ठाण्यातले डॉक्टर, सीए, वकील, नवा टू-बीएचके घेतलेले सगळे. सोफ्याला साठ हजार देता आणि त्याच्या वर मॉलमधला छापील बुद्ध लावता. एकदा गल्लीतल्या चित्रकाराकडे जा, किंमत विचारा, घासाघीस करू नका, पावती घ्या.

आणि सत्कार ठेवणाऱ्यांनो, शाल राहू द्या. तेवढ्या पैशात त्याचं एक छोटं चित्र विकत घ्या आणि कार्यालयात लावा. खाली त्याचं नाव लिहा, तुमचं नको.