यीस्टची शेती आणि आपला वांटा

द्राक्षाच्या सालींत रेझव्हेराट्रॉल नांवाचें एक द्रव्य असतें. बुरशीचा उपद्रव झाला म्हणजे वेल स्वतःच्या बचावासाठीं तें तयार करिते. प्राणवायूच्या योगानें पदार्थांचा जो ऱ्हास होतो, त्यास आळा घालणाऱ्या द्रव्यांत त्याची गणना होते. म्हणून गोळ्या व प्रसाधनें यांत त्यास मोल येतें. हेंच द्रव्य आतां वेलीवांचून, टाकींतील यीस्टकडून करवून घेतां येतें. ही वार्ता ऐकून आमचे कांहीं बागाईतदार बंधु चिंतेंत पडले आहेत, म्हणून हे चार शब्द.

२००३ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील स्टेलनबॉश विद्यापीठाच्या संशोधकांनीं यीस्टमध्यें एक जनुक पॉप्लर वृक्षाचें व एक द्राक्षवेलीचें घातलें. त्यायोगें यीस्ट हें द्रव्य करूं लागलें. परंतु अत्यल्प, आणि तेंही कौमारिक आम्ल बाहेरून पुरविल्यावर. २०१५ सालीं डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठांत पुढची मजल गांठली गेली. कच्चा माल पुरेसा झाला म्हणजे यीस्ट तो करणें आपोआप थांबवितें. हा अडसर तेथें काढला, जनुकांच्या अनेक प्रती बसविल्या, आणि केवळ साखरेवर लिटरमागें सुमारें ४१६ मिलिग्रॅम द्रव्य मिळविलें. साखरेऐवजीं मद्यार्क दिला, तेव्हां तें ५३१ मिलिग्रॅमवर गेलें.

द्राक्षबागाईतदारास यांत भय नाहीं. तो फळ विकतो, द्रव्य नव्हे. तथापि निळीचा धडा विसरूं नये. १८९७ सालीं जर्मनींतील कृत्रिम नीळ बाजारांत आली आणि बिहारांतील निळीचें पीक बसत गेलें. त्या कारखान्यास शेताची गरजच नव्हती. यीस्टला मात्र साखर लागते, आणि साखर शेतांतूनच येते. मग आपला लाभ निश्चित काय? नाहीं. द्रव्य ग्रॅमनें विकलें जातें. त्यासाठीं लागणारी साखर थोडी. साखर विकणाऱ्याच्या पदरीं चार पैसे पडतील, नफा टाकीच्या मालकाचा.

महसूल खात्यांत मीं तीस वर्षें उतारे लिहिले. घाम एकाचा आणि नांव दुसऱ्याचें, असे प्रकार पुष्कळ पाहिले. टाकीचाही एक उतारा असतो. त्यावर नांव कोणाचें लागणार, हाच खरा प्रश्न आहे.

आपल्या सहकारी साखर कारखान्यांच्या आसवन्यांत मळी आहे, मद्यार्क आहे, यीस्ट सांभाळणारे जाणते हात आहेत. मांजरी येथें वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. एखाद्या कारखान्यानें तिच्या सल्ल्यानें, १९८९ च्या नियमांप्रमाणें परवानगी घेऊन, बंद टाकींत लहानसा प्रयोग करावा, असें आमचें नम्र मत आहे. आसवनीची टाकी यास पुरणार नाहीं, निर्जंतुक सामग्री लागेल, हें खर्चांत धरावें. तसेंच या द्रव्याचे मनुष्याच्या आरोग्यावरील गुण निर्विवाद सिद्ध झालेले नाहींत. जाहिरातींवर विसंबून सभासदांच्या ठेवी गुंतवूं नयेत.

आधीं हिशेब, मग प्रयोग, मग भांडवल, हा क्रम ठेवावा. परंतु दुसऱ्याच्या टाकीवर दुसऱ्याचें नांव लागल्यावर हरकत घेण्यांत अर्थ नाहीं. हरकतीची मुदत तोंवर संपलेली असते. सभासदांनीं येत्या वार्षिक सभेंत हा विषय अवश्य मांडावा.