वाफ घ्या, पण खिडकी बुजवू नका

हल्ली नव्या कॉलनीत वास्तुशांतीला गेले, की यजमान देवघराच्या आधी बाथरूम दाखवतात. काचेची कपाटवजा खोली, तिच्यात वाफ सोडणारे यंत्र, बाजूला बटणे. ज्यांना तेवढा खर्च झेपत नाही, त्यांनी चेन लावून बंद होणारा तंबू मागवलेला असतो. आत खुर्ची, बाहेर वाफेचे भांडे आणि डोके तेवढे वर काढलेले. तिसरा प्रकार बिनखर्चाचा. बाथरूमची खिडकी पुठ्ठ्याने बुजवायची, गीझर पूर्ण सोडायचा आणि वाफ कोंडून आत बसायचे. माझा खरा रोख या तिसऱ्या प्रकारावर आहे. पण आधी पहिल्या दोहोंचे बोलून घेऊ.

वाफेने बरे वाटते, यात वाद नाही. कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल पडतात, चोंदलेले नाक थोडा वेळ मोकळे होते. दिवसभर दुकानात उभे राहणाऱ्या माणसाला एवढे सुख मिळत असेल, तर त्याला नको म्हणणारा मी कोण? माझी तक्रार सुखाबद्दल नाही, जाहिरातीबद्दल आहे. 'डॉक्टर, अंगातले सगळे विष निघून जाते,' असे पेशंट मला सांगतात. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. शरीरातील कचरा काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात आणि त्यासाठी कोणतेही यंत्र विकत घ्यावे लागत नाही. वजनाचेही तसेच. वाफेतून उठल्यावर काटा अर्धा किलो कमी दाखवत असेल, तर अर्धा लिटर पाणी गेले इतकाच त्याचा अर्थ. दोन पेले पाणी प्या, अर्धा किलो परत. एक किलो चरबी उतरवायची तर सुमारे ७,७०० कॅलरी खर्चाव्या लागतात. त्या खुर्चीवर बसून खर्च होत नाहीत.

विक्रेते फिनलंडचा दाखला देतात. तेथील २,३१५ मध्यमवयीन पुरुषांवर सुमारे वीस वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण कमी आढळले, हे खरे. पण सौना म्हणजे ऐंशी अंशांच्या आसपासची कोरडी हवा. तिच्यात घाम वाळतो आणि वाळताना अंग थंड करतो. वाफेच्या खोलीत उष्णता त्याहून बरीच कमी असते, पण हवा ओलाव्याने भरलेली असल्याने घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. मे महिन्यात नागपूर आणि रत्नागिरी दोन्ही अनुभवलेल्यांना हा फरक वेगळा सांगायला नको. शिवाय आठवड्यातून पाच वेळा निवांत बसायला ज्याला जमते, त्याची तब्येत आणि परिस्थिती मुळातच बरी असण्याचा संभव असतो.

कोणी म्हणेल, आपल्या आयुर्वेदातही स्वेदन आहे. आहे ना! चरकसंहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. पण त्याच अध्यायात स्वेदन कोणाला देऊ नये याची यादीही आहे. गर्भवती, मधुमेही, नित्य मद्यपान करणारे त्या यादीत येतात. तंबूच्या माहितीपत्रकावर ऋषींचे चित्र छापणारे ही यादी मात्र छापत नाहीत.

आधुनिक वैद्यक यापेक्षा फार वेगळे सांगत नाही. रक्तदाबाची गोळी, विशेषतः लघवी जास्त करवणारी गोळी घेणाऱ्यांचा दाब वाफेत आणखी उतरतो आणि उठून उभे राहताच घेरी येते. माझ्याकडच्या एका निवृत्त गुरुजींचे मनगट असेच मोडले. तंबूतून उठले, पाय चेनमध्ये अडकला आणि गेले फरशीवर! इन्सुलिन टोचून लगेच वाफेत बसले तर ते रक्तात लवकर उतरते आणि साखर एकदम घसरू शकते. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांना वाफेच्या नळीचा चटका कळतही नाही. गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत अंग फार तापणे बाळाला धोक्याचे. हृदयविकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय या फंदात पडू नये. आणि दारू पिऊन तर कोणीच नाही.

आता तो तिसरा प्रकार. आपल्याकडे अनेक घरांत गॅसचा गीझर बाथरूमच्या आतच टांगलेला असतो. गॅस नीट जळायला प्राणवायू लागतो. खिडकी, झरोका, दाराखालची फट सगळे बुजवले, की खोलीतला प्राणवायू कमी होत जातो आणि ज्योतीतून कार्बन मोनॉक्साईड निघू लागतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते. वाफ घेणारा समजतो, उष्णतेने होत असेल, अजून पाच मिनिटे बसू. नंतर दाराकडे जायचे त्राणच उरत नाही. हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो.

जुन्या न्हाणीघरात बंब असायचा, पण कौलांच्या फटींतून हवा खेळत असे. आज स्लॅब, टाइल्स आणि घट्ट बसणारे दार. त्यात पुठ्ठा आपण स्वतः लावतो!

आत कोणी उत्तर देत नसेल तर दार तोडा, गॅस बंद करा, माणसाला उघड्यावर आणा आणि थेट ऑक्सिजनची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. कोरोनाच्या काळात बहुतेकांनी घेतलेले ते बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते. मोनॉक्साईड चिकटलेले रक्त त्याला प्राणवायूने भरलेले वाटते आणि माणूस बेशुद्ध असतानाही ते ९८ दाखवू शकते.

गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्यावा. भाड्याच्या घरात ते जमत नसेल तर आधी बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, थोडा वेळ दार उघडे ठेवावे आणि मगच आत जावे. विजेच्या गीझरला हा गॅसचा धोका नाही, मात्र त्याचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. नुसत्या नाकासाठी वाफ हवी असेल तर पातेले टेबलावर मध्यभागी ठेवा आणि मुलांना दूर ठेवा. २०२१ च्या लाटेत घरोघरी वाफारे सुरू झाले, तेव्हा मांडीवर उकळते पाणी सांडलेली मुले मी पाहिली आहेत. आणि खिडकीतून डास येतात म्हणून पुठ्ठा लावला असेल, तर तो आजच काढून जाळी बसवा. हार्डवेअरच्या दुकानात ती मापाने कापून मिळते.