मालकी कोणाचीही, हिशेब एकच हवा

कारखान्याच्या सांडपाण्याचे पुढे काय होते हे यंत्रसामग्रीइतकेच मालकीवरही ठरते, आणि अहिल्यानगर जिल्ह्यात मालकीचे बहुतेक सगळे प्रकार शेजारीशेजारी नांदत असल्याने हे नाते येथे विशेष उघडपणे दिसते. नगर औद्योगिक वसाहतीतील लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअर कारखाना 2020 साली श्नायडर इलेक्ट्रिक या फ्रेंच समूहाकडे गेला आणि त्याच्या पर्यावरणविषयक कारभाराचा जाब विचारणारे भागधारक पॅरिसचे झाले. उत्तरेत मात्र 1950 पासून प्रवरानगरच्या शेतकऱ्यांनी घालून दिलेली सहकारी साखर कारखानदारीची परंपरा आहे आणि आता तिच्या जोडीला खासगी कारखानेही गाळप करतात.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने 2022-23 पासून शेअर बाजारातील पहिल्या 1000 कंपन्यांना पाणी, ऊर्जा, कचरा व हरितगृह वायू यांचा वार्षिक अहवाल बंधनकारक केला. सहकार कायद्याखाली नोंदलेला कारखाना किंवा एखाद्या कुटुंबाच्या हाती असलेली, शेअर बाजाराबाहेरची कंपनी यांना तो लागू नाही. 1974 चा जलप्रदूषण कायदा सर्वांनाच बांधतो, पण त्याखालील कागद प्रामुख्याने कारखाना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्यातच फिरतात.

याचा परिणाम साखर कारखान्यांच्या सांडपाण्यात दिसतो. उसाच्या मळीपासून अल्कोहोल काढताना उरणारे तपकिरी, दाट सांडपाणी म्हणजे स्पेंट वॉश. एका लिटर अल्कोहोलमागे ते साधारण 8 ते 15 लिटर निघते आणि प्रक्रियेविना ओढ्यात गेले तर विहिरींचे पाणी लालसर होऊन पिण्यालायक राहत नाही. सहकारी कारखान्यात ही विहीर बहुधा मालकाचीच, म्हणजे सभासदाची असते, तरीही वार्षिक सर्वसाधारण सभेत चर्चा रंगते ती साखर उतारा, ऊसदर आणि कर्ज यांवर. सभासद हा ऊस पुरवठादारही असल्याने प्रक्रियेवर खर्च झालेला प्रत्येक रुपया त्याला आपल्या दरातून कापल्यासारखा वाटतो, आणि निवडून यायचे असलेले संचालक मंडळ तो विषय काढत नाही. वास्तविक एक सभासद, एक मत हा सहकाराचा नियम शेतकऱ्याच्या हाती जी ताकद देतो, ती मोठ्या कंपनीच्या छोट्या भागधारकाला कधीच मिळत नाही. ती न वापरली जाणे हे सहकाराचे मोठे नुकसान आहे.

म्हणूनच पर्यावरणाचा अहवाल मालकीच्या प्रकारावर नव्हे, तर प्रदूषणाच्या प्रमाणावर बंधनकारक झाला पाहिजे. साखर आयुक्तालयाने येत्या गाळप हंगामापासून सहकारी आणि खासगी अशा दोन्ही कारखान्यांकडून वापरलेल्या पाण्याचे व प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचे आकडे घ्यावेत आणि ते कार्यक्षेत्रातील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावण्याची सक्ती करावी.