स्तंभ जरा झाकून ठेवा
भाषण चालू असताना पडद्यावर प्रश्न येतो, माणसं मोबाइलनं क्यूआर कोड टिपतात आणि मतं पडतील तसतसे रंगीत स्तंभ वर चढू लागतात. बघायला मजा येते, पण घात इथंच होतो: ‘ब’ पर्यायाचा स्तंभ उंचावला की ज्यांचं ठरलेलं नसतं तेही ‘ब’च दाबतात. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९०च्या दशकात रुजवलेली पद्धत मला म्हणूनच पटते. आधी प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा मत; खुलासा त्यानंतर. मेंटिमीटर या थेट मतदानाच्या ॲपमध्ये निकाल झाकायची सोय आहे, वक्त्यांनी ती जरूर वापरावी. आणि निम्म्यांचं चुकलं, तर पुढची स्लाइड रेटू नये. ऐकणारे नेमके कुठं अडलेत, हे एरवी कळतच नाही.